नवरीच्या टाकीतलं विरजण

ताईला सूड हवा होता. मनातल्या मनात चघळण्यापुरता नव्हे; चांगला समोर, चार लोकांच्या देखत. अडचण एवढीच होती की सूड घ्यायचा तिला सराव नव्हता. उभ्या आयुष्यात तिने एकच काम केलं होतं: काटेगोळे वाढवले होते.

काटेगोळा म्हणजे समुद्राच्या तळाशी खडकाला धरून राहणारा, मुठीएवढा, चहूबाजूंनी काटेच काटे असलेला प्राणी. पुस्तकात त्याला सी-अर्चिन म्हणतात. त्याला डोकं नाही, शेपूट नाही. तोंड आहे, तेही खाली, तळाकडे. बाबा म्हणायचे, "आपल्या घरात एवढाच एक गरीब स्वभावाचा. खाली मान घालून खातो आणि कुणाला काही बोलत नाही." त्याच्या पोटात केशरी गाभोळी, म्हणजे अंडी, धरते आणि तिला मोठ्या हॉटेलांत मागणी असते, म्हणून बंदरामागच्या गल्लीत बाबांनी शेड उभी केली होती. पत्र्याचं छप्पर, सिमेंटच्या टाक्यांच्या दोन रांगा, जमिनीवर कायम पाणी आणि हवेच्या पंपांची अखंड घरघर. ती घरघर थांबली तर मागच्या खोल्यांत झोपलेली माणसं दचकून उठायची.

ताई तिथेच वाढली. शाळेतून आली की दप्तर भिरकावायचं, गमबूट चढवायचे आणि टाकीत हात घालायचा. मोडलेल्या काट्यांचे निळसर ठिपके तिच्या बोटांत कायमचे बसले होते, गोंदून घेतल्यासारखे. लोक आधी तिचे हात बघायचे, मग तिला.

तिची एक खोड होती, बाबांकडून आलेली. गोळा धडधाकट आहे की नाही हे ती नुसत्या काट्यांवरून ठरवायची नाही. त्याला हलकेच उचलून उताणा टाकायची, तोंड वर, आणि शेजारी उकिडवी बसून राहायची. निरोगी गोळा आधी जरा गोंधळतो, मग दोऱ्यांसारखे चिकट पाय बाहेर काढतो, तळ चाचपतो आणि हळूहळू कूस बदलून सरळ होतो. आजारी गोळा तसाच पडून राहतो, काटे हलवत. "उताणा टाकून बघ" हे पुढे तिचं सगळ्या जगाबद्दलच मत झालं. तरुणपणी तिला मागणी घालायला एक जण आला होता. पोशाखी, गोड बोलणारा. तो गेल्यावर बाबांनी विचारलं, "कसा वाटला?"

"उभा असताना छान दिसतो," ताई म्हणाली. "उताणा टाकल्याशिवाय काय सांगू?"

पुढे त्या माणसाचा धंदा बुडाला आणि तो जो आडवा झाला तो पुन्हा उभा राहिलाच नाही. बाबा ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायचे आणि डोळे पुसत हसायचे. ताईचं लग्न राहिलं ते राहिलंच, पण त्याचं दुःख कुणी उगाळत बसलं नाही. करायला कामं होती.

आणि धाकटा होता. तिचा भाऊ. ताईने त्याला कडेवर घेऊन टाक्या साफ केल्या होत्या. तो शिकायला बाहेर गेला, गार ऑफिसांत बसला, लग्न करून परत आला आणि शेडमध्ये शिरताना त्याने नाकाला रुमाल लावला.

"ताई, हे असं नाही चालत आता," हे त्याचं आल्या आल्या पहिलं वाक्य.

त्याने टाक्यांचं पाणी कोमट ठेवायला लावलं, कारण कोमट पाण्यात गोळे झपाट्याने वाढतात. वाढलेही, ते नाकारण्यात अर्थ नाही. मग त्याने बाहेरून स्वस्तातला माल उचलला आणि काही दिवस वेगळा ठेवायचा सोडून सरळ घरच्या गोळ्यांत सोडला. ताई त्या दिवशी दाढ दुखते म्हणून आत पडून होती. तिला पत्ताच नाही.

थोड्याच दिवसांत काटे गळायला लागले. आधी वरच्या बाजूला एक टक्कल पडायचं, तिथली कातडी काळपट व्हायची, मग टक्कल पसरत जायचं आणि झडलेले काटे टाकीच्या तळाशी जुन्या झाडूच्या काड्यांसारखे साचायचे. ताई दोन्ही हातांनी ते उपसत होती. धाकटा त्या वेळी आजारी बाबांच्या खाटेवर बसून खरेदीदारांशी फोनवर बोलत होता.

"घरातलीच चूक झाली हो. आमची ताई. हात धुवायचं भान नसतं तिला. या टाकीतला हात तसाच त्या टाकीत."

बाबांचं शरीर थकलं होतं, कान नव्हते थकले. त्यांनी ताईला हाक मारली. हात पुढे करायला लावले. ते ठिपक्यांचे हात बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "तुझ्या हातांनी मेले गं."

त्यानंतर जाईपर्यंत त्यांनी पाणी घेतलं ते सुनेच्या हातून, औषध घेतलं तेही सुनेच्या हातून. ताई ग्लास घेऊन आली की ते भिंतीकडे तोंड करायचे.

स्वस्तातल्या मालाची गोष्ट ताईला कळली ती बाबा गेल्यावर, आणि तीही टेम्पोवाल्याकडून. टेम्पोवाला त्यांच्याकडे वर्षानुवर्षं पिंपं वाहायचा.

"मीच नाही का आणला तो माल," तो म्हणाला. "पिंपात अर्धे तेव्हाच मरगळलेले होते. मला वाटलं, तुम्हाला माहितीये."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"ताई, मी टेम्पो चालवतो. मला कुणी विचारलं की मी सांगतो. तुम्ही आत्ता विचारलंत."

ताई धाकट्याकडे गेली नाही. भांडली नाही. भांडून काय मिळणार होतं. ज्याने ऐकायला हवं होतं तो माणूस भिंतीकडे तोंड करून गेला होता. धाकट्याने तोवर शेडच्या दारावर पाटी लावली होती, 'हात धुतल्याशिवाय आत येऊ नये', आणि खाली नळ. नवीन कामगार हात धुताना विचारायचे, ही पाटी कशासाठी, आणि जुने कामगार त्यांना सांगायचे. अशी ताईची गोष्ट रोज सकाळी कामाच्या आधी एकदा सांगितली जात होती.

ताईने घर सोडलं. बर्फाच्या कारखान्यामागे एक पडीक गोदाम भाड्याने घेतलं. धाकट्याने फेकायला काढलेले उरलेसुरले गोळे, बाबांच्या सगळ्यांत जुन्या टाकीतले खडे आणि तिथलंच पाणी, सगळं टेम्पोवाल्याने दोन खेपांत आणून टाकलं. तिने दोन टाक्या लावल्या. एकीत ज्यांचा एक काटाही गळला नव्हता ते गोळे. जांभळे, चकचकीत, काट्याला काटा लागलेला. टेम्पोवाला बघतच राहिला.

"ही तर नवरी आहे, ताई."

दुसऱ्या टाकीत ज्यांना टक्कल पडूनही जीव उरला होता ते. त्यांचे नवे काटे आखूड, कुठे उगवलेले, कुठे नाही, कुठे वाकडे. न्हाव्याने अर्ध्यावर सोडून दिल्यासारखे. त्या टाकीला नाव पडलं टकल्यांची टाकी. टेम्पोवाला रोज दारातून विचारायचा, "नवरीचं लग्न कधी?" आणि ताई मान वर न करता सांगायची, "नवरा मिळाला की."

पुढची सगळी पैदास नवरीतून करायची, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

मग लॅबवाली आली. समुद्री प्राण्यांच्या रोगांवर काम करणारी ती एक तरुण मुलगी होती. दंडाला अडकवलेली पिशवी, त्यात कापसाच्या काड्या आणि झाकणांच्या इवल्याशा बाटल्या. तिने दोन्ही टाक्यांतल्या गोळ्यांच्या अंगावरून काड्या फिरवल्या, बारीक सुईने आतलं पाणी काढलं, विष्ठासुद्धा भरून नेली. "त्यांचं हेसुद्धा नेतेस?" ताईने विचारलं. "यातच तर सगळ्या बातम्या असतात," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती परत आली आणि स्टूल ओढून बसली.

"ताई, निकाल उलटा लागलाय."

"म्हणजे?"

"तुमचे टकले बरे आहेत. नवरी आजारी आहे."

ताई हसली. उठली, नवरीतून एक गोळा काढला, थाळीतल्या पाण्यात उताणा टाकला. दोघी बघत राहिल्या. गोळ्याने पाय काढले, तळ चाचपला, डौलात वळून सरळ झाला.

"बघ. हा आजारी?"

"सरळ झाला, मान्य. काटेही आहेत. पण मी काटे नाही बघितले, आतले भाडेकरू बघितले."

"कुठले भाडेकरू?"

लॅबवालीने गोळ्याकडे बोट केलं. "ही एक इमारत आहे असं समजा. हिच्या कातडीवर, आतड्यात, आतल्या पाण्यात असंख्य जिवाणू राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत. कुणी शेवाळ पचवायला मदत करतं. कुणी काहीच करत नाही, नुसतं जागा अडवून बसतं. पण तेही कामच आहे, कारण त्यामुळे गुंडांना खोली मिळत नाही. रोग शिरला की जुने भाडेकरू एकेक करून निघून जातात आणि दोन-चार जातींचे गुंड सगळे मजले बळकावतात. बाहेरून काही कळत नाही. तोच रंग, त्याच खिडक्या."

"तेच काटे."

"तेच काटे. तुमच्या नवरीत वस्ती बदलून गेलीये. तुम्ही पाणी थंड ठेवता म्हणून गुंड झोपलेत. पाणी तापलं की उठतील, आणि मग काटे गळतील."

"आणि टकल्यांत?"

"ते मरणाच्या दारातून परत आले. त्यांची जुनी मंडळी हळूहळू परत राहायला आलीयेत. सगळी नाहीत. पण इमारत सावरलीये."

ताईने गोळा थाळीतून उचलून नवरीत परत सोडला. बाबांची शिकवण, उताणा टाकून बघायची, आणि ती एवढी डोळ्यांदेखत खोटी पडावी. "म्हणजे माझं चुकलं," ती शेवटी म्हणाली.

"यांना अजून ताकद आहे, म्हणून सरळ होतात. ताकद गेली की तुम्हालाही दिसेल. पण तेव्हा उशीर झालेला असतो." लॅबवालीने पिशवी आवरली. "नवरीची बादली वेगळी, जाळी वेगळी, आणि त्या टाकीतला थेंबसुद्धा दुसऱ्या कुठल्या टाकीत जाता कामा नये. मला शब्द द्या."

"माझ्या दुसऱ्या टाकीत जाणार नाही," ताई म्हणाली. शब्द दिला तो एवढाच.

दारात उभ्या टेम्पोवाल्याने सगळं ऐकलं होतं. "काटे शाबूत आणि आत गुंड," तो मान डोलावत म्हणाला. "तुमच्या धाकट्याला कधी भेटली ही लॅबवाली?"

इथे विरजणाबद्दल सांगायला हवं. काटेगोळ्यांच्या धंद्यात नव्या टाकीत नुसतं स्वच्छ पाणी भरून भागत नाही. स्वच्छ पाणी म्हणजे रिकामं घर. गोळे त्यात रुसतात, खात नाहीत, पाणी दुधासारखं गढूळ होतं. म्हणून जुन्या, मुरलेल्या टाकीतलं कॅनभर पाणी, पसाभर खडे आणि चार-सहा गोळे आणून नव्या टाकीत सोडतात. त्याला विरजण म्हणतात. विरजण कुठलं, हे खरेदीदार आधी विचारतात, मग भाव.

धाकट्याने बंदराच्या तोंडाशी नवी जागा घेतली होती. काचेच्या भिंती, निळे दिवे, आणि तेच ते पाणी गाळून पुन्हा फिरवणारी यंत्रं. जुन्या शेडमधल्या टाक्या त्याने रोगानंतर औषध टाकून अशा धुतल्या होत्या की त्यांत चांगलं-वाईट काहीच उरलं नव्हतं. नव्या टाक्यांत त्याने बाजारातल्या जिवाणूंच्या बाटल्या ओतून बघितल्या. पाणी गढूळ झालं. आणि खरेदीदारीणबाईंनी, ज्या बाबांच्या वेळेपासून निम्मा माल एकट्या उचलायच्या, साफ सांगितलं: "तुझ्या बाबांच्या पाण्याचं विरजण घाल. नाहीतर मला धरू नकोस."

बाबांचं पाणी आता एकाच ठिकाणी होतं.

आधी भावजय आली. गोदामाच्या दारात चपला काढू की नको अशी उभी.

"ताई, बऱ्या आहात ना?"

"बघतेस ना."

"हे म्हणत होते, जरा विरजण मिळालं असतं तर. घरचंच तर आहे."

"घरचंच आहे, मग घरच्याने यावं. तुला कशाला पाठवलं?"

भावजय खाली बघत म्हणाली, "त्यांना संकोच वाटतो."

"त्याला? अगं, लहानपणी शेजारणीच्या दारात बसून जेवून यायचा तो, आणि घरी येऊन पुन्हा पान मांड म्हणायचा. त्याला संकोच माहीत नाही." ताईने तिला पाणी दिलं. भावजयीने ग्लास घेतला, त्या ठिपक्यांच्या बोटांकडे बघितलं आणि क्षणभर थांबली. क्षणभरच. मग प्यायली. पण ताईने ते थांबणं पाहिलं, आणि तिथेच तिचं ठरलं.

"त्याला म्हणावं, ये. नाही म्हणणार नाही मी."

धाकटा आला तो गॉगल कपाळावर चढवून. गोदामभर नजर फिरवली.

"काय ताई, छान मांडलंयस की."

"तुझ्या कचऱ्यातून."

"आता ते कशाला काढतेस?" तो टाक्यांमधून फिरला. टकल्यांच्या टाकीशी थांबला, तोंड वेडावलं. "ही काय भुतं पाळलीयेस?"

"आहेत आपली."

मग तो नवरीशी आला आणि वाकलाच. काट्यांवर उन्हाची तिरीप पडली होती. "वा," तो म्हणाला. "हे बाबांच्या पाण्यातले?"

"दोन्ही टाक्या बाबांच्याच पाण्याच्या. तुला कुठलं हवं ते ने."

"विचारायचं काय त्यात? हे."

"नीट बघून घे. मग म्हणशील, ताईने दिलं."

त्याने एक गोळा उताणा टाकला, बाबांसारखाच, उकिडवा बसला. गोळा डौलात सरळ झाला. "बघ, मलाही येतं," तो म्हणाला, आणि त्या क्षणी तो जरासा लहानपणच्यासारखा दिसला. ताईने नजर टकल्यांच्या टाकीकडे वळवली. त्याने विचारलं असतं, तुला कुठली टाकी बरी वाटते, तर ती काय म्हणाली असती हे तिलाही माहीत नव्हतं. त्याने विचारलं नाही.

"तुझ्या टाक्यांतलं पाणी समुद्रात सोडतोस?" तिने विचारलं.

"छे. एक थेंब बाहेर जात नाही. तेच गाळून फिरवतो. फुकट काही घालवत नाही मी."

"बरं."

तिने स्वतःच्या हाताने कॅन भरला, खडे घातले, गोळे निवडून दिले. टेम्पोवाल्याने कॅन मागे चढवला. लॅबवालीचं सगळं बोलणं त्याने ऐकलं होतं. तो एकदा कॅनकडे आणि एकदा ताईकडे बघत राहिला.

"नवरी सासरी निघाली," तो हळूच म्हणाला.

"तुला कुणी काही विचारलं का?"

"नाही."

"मग गाडी काढ."

कॅन गेला आणि ताईला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. तिला एक वेगळीच गोष्ट खटकायला लागली. उद्या त्याचे काटे गळले की तो पुन्हा फोन लावणार. आमची ताई. तिनेच दिलं. आणि या वेळी ते खरं असणार. म्हणजे मागचं खोटंसुद्धा खरं ठरणार. बाबांनी फिरवलेलं तोंड बरोबर ठरणार. असला सूड काय कामाचा? ती टाकीच्या कठड्यावर बसून राहिली आणि विचार करता करता तिला तो सापडला, सूड, आख्खा, एकही काटा न गळलेला. खोटं बोलायचंच नाही. खरं सांगायचं. सगळ्यांसमोर सांगायचं. धाकट्याने स्वतः इतकी माणसं आणि इतका वेळ खर्चून लोकांना शिकवलं होतं की ताईचं काही खरं मानायचं नसतं. ते शिक्षण आता त्याच्याच कामी येणार होतं.

नव्या जागेच्या उद्घाटनाला ती धुतलेली साडी नेसून गेली. दाराशी तीच पाटी, आता काचेवर कोरलेली, आणि खाली चकचकीत नळ. बरीच माणसं जमली होती. ताई नळाशी थांबली, साबण लावून, बोटांच्या फटींतून, कोपरापर्यंत हात धुतले. लोक बघत होते. बघू दे म्हणाली मनात.

मोठ्या टाकीपाशी धाकटा कॅन घेऊन उभा होता. पाणी कोमट होतं. काचेवर बाहेरून बोट ठेवलं तरी कळत होतं. आत नवे गोळे, लहान लहान, तळभर पसरलेले. खरेदीदारीणबाई पुढच्या खुर्चीत.

"हे आमच्या बाबांचं पाणी," धाकटा म्हणाला आणि कॅन उचलला.

"ओतू नकोस," ताई म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थिजलं.

"ताई, काय हे?"

"ते पाणी आजारी आहे. ते गोळेही. बाहेरून दिसत नाही, आतली वस्ती बिघडलीये. लॅबमधून तपासून आलंय. माझ्या गोदामात दुसरी टाकी आहे, टकल्यांची. त्यातलं घाल. मी आत्ता आणून देते."

खरेदीदारीणबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "अगं, मग दिलंस कशाला?"

"त्याने निवडलं. आणि मी दिलं. मागे रोग मी आणला असं तुम्हाला सांगितलं गेलंय, तो मी आणला नव्हता. बाहेरचा माल याने न तपासता सोडला होता. हे देताना मात्र मला माहीत होतं. म्हणून सांगायला आले."

कुणीतरी खोकलं. धाकट्याने कॅन खाली घेतला. अगदी खरं सांगायचं तर त्याने तो टाकीच्या कठड्यावर टेकवला होता, आणि त्याचा हात झाकणाकडे गेला होता. तो बंद करणार होता. ताईने ते पाहिलं. तिच्याकडे त्या वेळी गप्प राहण्याएवढा वेळ होता.

"ठेव तो खाली," ती म्हणाली. "तुला त्यातलं काही कळत नाही."

हे वाक्य नसतं बोललं तरी चाललं असतं. ते ती मुद्दाम बोलली.

धाकट्याची मान ताठ झाली. "मंडळी," तो म्हणाला, "माफ करा. बाबा गेल्यापासून हिचं हे असं चाललंय." त्याने कॅनमधून एक गोळा काढला, काचेच्या थाळीत सगळ्यांना दिसेलसा उताणा टाकला. नवरीचा गोळा. पाय निघाले, तळ चाचपला, वळला आणि सरळ झाला. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. "हा आजारी? बाबा याच परीक्षेवर धंदा करायचे. ताईनेच शिकवलीये मला."

आणि त्याने कॅन ओतला. खडे खळखळत तळाला गेले.

ताई कुणाशी न बोलता बाहेर पडली. भावजय तिच्यामागे दारापर्यंत आली आणि तिथूनच आत वळली.

पुढचं टेम्पोवाल्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. "आज जोरात खातायत म्हणे." मग, "आज जरा कमी खातायत." मग एके दिवशी तो आला तो नेहमीचं नवरीबद्दलचं न विचारताच आत आला, पिंपावर बसला आणि म्हणाला, "एकाला टक्कल पडलंय." त्यानंतर तो रोज नुसता आकाशाकडे हात करायचा. खरेदीदारीणबाईंनी धाकट्याकडची मागणी थांबवली आणि त्या गोदामात येऊन टकल्यांची टाकी बघून गेल्या. "दिसायला काही नाहीत," त्या म्हणाल्या. ताई म्हणाली, "मीही नाही." लॅबवाली आली, तिने सगळं ऐकलं होतं, आणि ती ताईशी नीट बोलली नाही. काड्या फिरवल्या, बाटल्या भरल्या, निघताना म्हणाली, "त्यात तुमच्या भावाशिवाय हजारो जीव होते." ताईने मान हलवली.

धाकटा आला तेव्हा दुपार होती. खरेदीदारीणबाई आपला माल निवडत होत्या, टेम्पोवाला पिंपं धूत होता. धाकट्याच्या दोन्ही हातांत बादल्या. गॉगल नव्हता. बादल्यांत गोळे होते, अर्धे उघडे पडलेले, पाण्यात तरंगणारे काटे.

"ताई, यांचं काही होईल का?"

"बादल्या बाहेर ठेव. आधी हात धू."

तो थांबला. गोदामाच्या दाराशी ताईचा नळ होता, साधा, प्लॅस्टिकचा. पाटी नव्हती. त्याने बादल्या ठेवल्या आणि हात धुतले.

"साबणाने."

त्याने साबण घेतला. खरेदीदारीणबाई हातातली जाळी तशीच धरून बघत होत्या. टेम्पोवाल्याने पिंपात घातलेलं पाणी बंद केलं, आवाज नको म्हणून.

"आता यांना सांग," ताई म्हणाली.

धाकटा फेसाने भरलेल्या हातांकडे बघत बोलला. "मागच्या वेळचा रोग मी आणलेल्या मालातून आला होता. ताईचा हात नव्हता त्यात."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"तू सांगू शकला असतास?"

"हो." मग जरा वेळाने, "रोज सांगणार होतो."

ताईने ते ऐकलं. इतके महिने ज्या वाक्याची ती वाट बघत होती ते हे, आणि ते ऐकायला जो हवा होता तो कुठेच नव्हता. तरी तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलं बरं वाटलं, उन्हातून आल्यावर गार पाणी पायांवर घ्यावं तसं.

धाकट्याने हात खाली केले. "ताई, उद्घाटनाच्या आधी, इथे, मी टाकी निवडत होतो तेव्हा. तेव्हाच तुला माहीत होतं."

"हो."

"तेव्हा बोलली नाहीस."

"बोलले नाही."

"आणि तिथे बोललीस ते मी ऐकू नये म्हणून बोललीस."

ताई बादलीपाशी उकिडवी बसली, एक गोळा उचलला, थाळीत उताणा टाकला. बहीण-भाऊ दोघं बघत राहिले. गोळा काटे हलवत तसाच पडून होता. बराच वेळ. मग एका बाजूने एक पाय निघाला, बारीक, तळापर्यंत न पोचणारा.

"काही वाचतील," ती म्हणाली. "टकल्यांच्या टाकीतलं पाणी घालून बघू. वाचले तर असेच राहतील, अर्धवट."

"चालेल," धाकटा म्हणाला आणि बादलीत हात घालायला वाकला.

"थांब. नळ उघडा राहिलाय तुझा, आणि हातांचा फेसही तसाच आहे. पुन्हा धू."

तो उठला आणि पुन्हा नळाशी गेला. ताई त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. त्याचे झाले की तिला तिचे धुवायचे होते.